जिथं शिवणघर होतं

"…मग चूक कुणाची, स्निम? माझी, की व्रताची?"

म्योहे स्निम मुळ्याची पानं निवडत होत्या. पिवळी एका बाजूला, हिरवी एका बाजूला. त्यांनी मान वर केली नाही.

कोरियात भिक्षू-भिक्षुणींना आदरानं 'स्निम' म्हणतात. म्योहे स्निम ऐंशीला टेकल्या होत्या. सोल शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी तीन खोल्यांचा एक मठ होता, तिथं त्या आणखी दोघी भिक्षुणींबरोबर राहत. त्यांनी कधी प्रवचन दिलेलं कुणाला आठवत नव्हतं.

प्रश्न विचारणारी दोयॉन बत्तीस वर्षांची. दक्षिणेकडच्या एका मोठ्या मठात ती तर्कशास्त्र शिकवायची. वादात तिला कुणी हरवलेलं नव्हतं. सूत्रं अशी पाठ, की वडीलधाऱ्या भिक्षुणीसुद्धा अडलं की तिच्याकडं बघायच्या. ती फेब्रुवारीच्या शेवटी सगळं सोडून या तीन खोल्यांत आली होती, आणि आल्यापासून हा एकच प्रश्न विचारत होती.

झालं होतं असं. थंडीचे तीन महिने मोठ्या मठात मौनसाधना असते. दार बंद होतं. आत गेलेली बाहेर येत नाही. त्याच काळात, जानेवारीत, दोयॉनच्या आईची तार आली. दोयॉन गेली नाही. साधना संपली, दार उघडलं, तेव्हा शेजारणीचं पत्र येऊन पडलेलं होतं. आई गेली. सगळं उरकलं.

"मी तार वाचली," दोयॉन सांगायची. "आई आजारी आहे, हे वाचलं. डोळे मिटले आणि पुन्हा बसले. घर सोडलं त्याला घर नाही, हे आपलंच शास्त्र सांगतं. मी शास्त्राप्रमाणं वागले, स्निम. मग घास का उतरत नाही?"

यावर म्योहे स्निम कधी म्हणायच्या, "लाकडं संपत आली." कधी म्हणायच्या, "आज मीठ कमी पडलं."

त्या दिवशी मात्र त्यांनी हातातली पानं खाली ठेवली.

"उद्या राजवाडा बघायला जाऊ."

"…राजवाडा?"

"चेरी फुलल्यात म्हणे."

दोयॉनच्या कपाळावरची शीर उडाली. आईच्या मरणाबद्दल विचारावं आणि म्हातारीनं फुलं बघायला चल म्हणावं! पण मग तिनं स्वतःला आवरलं. थोरांचं असंच असतं, ते सरळ उत्तर देत नाहीत. राजवाड्यात काहीतरी दाखवणार असतील, त्यातून उत्तर काढायचं असेल. आणि उत्तर काढण्यात आपला हात कोण धरणार?

ती मनातल्या मनात तयारीला लागली.

*

उत्तर-दक्षिण कोरियाचं युद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती. शहरात अजून अर्धी घरं पत्र्याची होती, पण वसंतातल्या त्या एका आठवड्यात सगळं शहर राजवाड्यात लोटायचं.

राजवाडा म्हणायला राजवाडा. जपान्यांचं राज्य आलं तेव्हा त्यांनी आतले बरेच महाल पाडले, हिरवळ केली, चेरीची झाडं लावली आणि जनावरांचे पिंजरे बांधले. राजाच्या घराचं प्राणिसंग्रहालय झालं. जपानी गेले. पिंजरे राहिले. लोकांनाही त्याची सवय होऊन गेली.

फाटकातून आत शिरताच माणसंच माणसं. पोरांच्या हातात फुगे. बायका चादरी पसरून जेवणाचे डबे उघडत होत्या. कुठूनतरी हत्तीचा आवाज आला, आणि रांगेतली सगळी पोरं एकदम ओरडली.

म्योहे स्निमनी फुलांकडं बघितलंसुद्धा नाही.

समोर मोठं फरसबंदी अंगण होतं, पलीकडं दरबाराची इमारत. अंगणाच्या मधून दगडी वाट जात होती. तिच्या तीन पट्ट्या, मधली बोटभर उंच. त्या उंच पट्टीवरून पोरं पळत होती. दोन्ही बाजूंना कमरेएवढे दगड उभे होते, कोणत्या दरबाऱ्यानं कुठं उभं राहायचं ते दाखवणारे. एक बाप आपल्या मुलीला त्यातल्या एका दगडावर बसवून तिचा फोटो काढत होता.

दोयॉन त्या वाटेनं निघाली. चार पावलं गेल्यावर तिनं मागं बघितलं.

म्योहे स्निम वाटेवर नव्हत्या. त्या अंगणाच्या अगदी कडेनं, भिंतीलगत चालल्या होत्या. मान खाली. दोन्ही हात पोटाशी एकमेकांवर. पावलं इतकी लहान, की अंगरख्याची कडसुद्धा हलत नव्हती.

"स्निम, इकडून या ना. मधून चालायला बरं आहे."

"मधून नसतं चालायचं."

"का?"

"राजाची वाट आहे."

दोयॉन हसली. "राजा कुठाय आता?"

"नाहीये," म्योहे स्निम म्हणाल्या. आणि कडेनंच चालत राहिल्या.

दोयॉनला वाटलं, धडा सुरू झाला. ती भरभर त्यांच्या बाजूला आली आणि बोलू लागली.

"कळलं, स्निम. राजा नाही, तरी वाट आहे. म्हणजे वाट मनात आहे. हा राजवाडा बघा. बांधला तेव्हाही तो दगड, लाकूड आणि कौलंच होता. राजवाडा असं वेगळं काही त्यात नव्हतंच. म्हणून पाडला तेव्हाही काही पडलं नाही. तसंच आई म्हणजे…"

ती थांबली. मग जोर करून पुढं म्हणाली, "तसंच आई म्हणजेही एक नाव. जे मुळात नव्हतंच, ते गेलं असं कसं म्हणायचं? आणि मग दुःख कुणाचं?"

"हं," म्योहे स्निम म्हणाल्या.

"बरोबर ना?"

"बरोबर आहे."

दोयॉनला उलट कसंतरीच झालं. बरोबर उत्तर दिल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. तिच्या छातीवर तोच दगड होता, रोजच्या जागी.

दोघी दरबारावरून पुढं गेल्या. मागच्या बाजूला महालांची रांग संपून हिरवळ लागली. म्योहे स्निम एका झाडाला वळसा घालून, एका पडक्या चौथऱ्याच्या कोपऱ्यावर हात ठेवून, न थांबता डावीकडं वळल्या. त्यांनी कुणाला वाट विचारली नाही.

"स्निम… तुम्ही आधी आला होतात इथं?"

"आठव्या वर्षी."

"बघायला?"

"राहायला."

दोयॉन जागच्या जागी उभी राहिली. म्हातारी पुढं चालली होती.

*

ही गोष्ट मठात कुणाला ठाऊक नव्हती, आणि कुणी विचारलीही नव्हती. म्योहे स्निम महालातल्या शिवणकाम करणाऱ्या दासी होत्या. गरिबांच्या घरात तोंडं जास्त झाली की पोर महालात देत. एकदा आत गेलेल्या पोरीला लग्न नाही, घर नाही, सुट्टी नाही. राजाची म्हणून जगायचं, राजानं कधी तोंड बघितलं नाही तरी. पुढं राज्यच बुडालं, तेव्हा त्या बाहेर पडल्या आणि मठात गेल्या.

त्या जिथं थांबल्या तिथं लोखंडी गजांचं एक कुंपण होतं. आत वाळू टाकलेली. वाळूत एक दोन वशिंडांचा उंट उभा होता. मांड्यांवरची लोकर गळून आत गुलाबी कातडं दिसत होतं. तो काहीतरी चघळत होता. शेंगा मिळतील म्हणून गजांतून बाहेर काढलेलं त्याचं तोंड पोरांच्या डोक्यावरून फिरत होतं.

"आल्या का आजी!" खाकी टोपीतला एक पोक्त रखवालदार लगबगीनं पुढं आला. "यंदा उशीर केलात. मला वाटलं…" त्यानं जीभ चावली आणि दोयॉनकडं बघून हसला. "आमच्या उंटाच्या आजी या. दर वसंतात येतात. एवढा हत्ती आहे, वाघ आहे, पण यांना उंटच आवडतो. सकाळी येतात, बंद होईपर्यंत बसतात."

त्यानं एक पोतं झटकून कुंपणापाशी अंथरलं. म्योहे स्निमनी त्याला वाकून नमस्कार केला आणि गुडघे धरत खाली बसल्या. रखवालदार पोरांना हाकलायला निघून गेला.

दोयॉन शेजारी बसली. उंटाचा वास डोक्यात जात होता.



"तो पाण्याचा हौद आहे ना," म्योहे स्निम म्हणाल्या, "तिथं आमच्या शिवणघराची शेगडी असायची. इस्त्रीचे निखारे. या बाजूला खिडकी. खिडकीखाली मी आणि पाक बाई."

"पाक बाई कोण?"

"शिवणघरातल्या सगळ्यांत मोठ्या. मी आले तेव्हा रडायचे म्हणून मला त्यांच्या गोधडीत घेतलं. केसांतल्या उवा काढल्या. सुईत दोरा ओवायला शिकवलं. अकरा वर्षं मी त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपले."

"…मग?"

"मी एकोणीस वर्षांची होते. त्यांना खोकला लागला. थुंकीत रक्त यायला लागलं."

उंटानं मान हलवली. पोरं खिदळली.

"महालात एक नियम होता," म्योहे स्निम म्हणाल्या. "आत मरायचं ते फक्त राजाच्या घरच्यांनी. बाकी कुणाचं दुखणं वाढलं, की जीव असेपर्यंत बाहेर न्यायचं. पाक बाई सहाव्या वर्षी आत आल्या होत्या. बाहेर त्यांचं कुणी नव्हतं. गोधडीचं टोक तोंडात धरून खोकायच्या. मला म्हणाल्या, कुणाला सांगू नकोस गं. थोडे दिवस राहिलेत. मला इथंच जाऊ दे, या जमिनीवर. मला बाहेरचा रस्तासुद्धा ठाऊक नाही."

"आणि तुम्ही…"

"नऊ दिवस लपवलं."

"मग कुणाला कळलं?"

"मी सांगितलं."

दोयॉननं त्यांच्याकडं बघितलं. त्या उंटाकडं बघत होत्या.

"का, स्निम?"

"थोरल्या राणीसाहेबांच्या वाढदिवसाचा झगा माझ्या हातात होता. पहिल्यांदाच. माझ्या वयाच्या पोरीला असं काम कधी मिळालं नव्हतं. खोलीत मरण झालं असतं तर विटाळ झाला असता. झगा जाळून टाकला असता." त्या थांबल्या. "फार सुरेख झाला होता."

कुठंतरी भोंग्यावर हरवलेल्या मुलाचं नाव पुकारत होते.

"चार माणसं डोली घेऊन आली. मी उठले आणि पलीकडच्या खोलीत जाऊन शिवत बसले."

"त्यांनी… हाक मारली?"

"मारली."

दोयॉननं पोत्याचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळला.

"दोनदा मारली. मी बाहीचे टाके घालत होते."

"कुठं नेलं त्यांना?"

"मागच्या लहान दारानं. बाहेर एकाचं घर होतं, तिथं महालातल्या अशा बायका आणून टाकायचे. तिसऱ्या दिवशी गेल्या, असं नंतर कळलं. जवळ कोण होतं, ते कुणाला माहीत नव्हतं."

"आणि झगा?"

"बाह्या घट्ट झाल्या. राणीसाहेबांनी एकदा अंगात घातला आणि काढून ठेवला."

*

दोयॉनसमोर तिची गुरू बसली होती, जिच्याकडून ती दोन महिने उत्तराची वाट बघत होती. ती आता एका केस झडलेल्या उंटासमोर पोत्यावर बसलेली म्हातारी बाई होती. दोयॉनला तिची फार दया आली. आणि दया आली की माणसाला बोलावंसं वाटतं.

"स्निम," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही लहान होतात. एकोणीस वर्षं म्हणजे काय! आणि नियम तुम्ही केला नव्हता. तुम्ही सांगितलं नसतं तरी दोन दिवसांनी कुणाला तरी कळलंच असतं. तुम्ही फक्त नियम पाळलात. त्यात तुमचा दोष…"

"तुझाही नियम होता," म्योहे स्निम म्हणाल्या.



दोयॉननं हातांची बोटं एकमेकांत इतकी आवळली, की नखं पांढरी पडली. उंटाला शेंगा देणारी एक मुलगी तिच्याकडं बघून आईच्या मागं लपली.

"नव्हता," दोयॉन म्हणाली.

म्योहे स्निम ऐकत होत्या.

"नियम नव्हता, स्निम. मी खोटं बोलले. तुमच्याशी, सगळ्यांशी. तार आली तेव्हा मठाच्या मोठ्या स्निम स्वतः घेऊन आल्या होत्या. सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, मौनात पत्रं देत नाही, पण ही तार आहे. उघडायची की नाही, तू ठरव. जायचं असलं तर जा, कुणी काही म्हणणार नाही."

"हं."

"ऐंशी जणी माझ्याकडं बघत होत्या. मी तार घेतली, न उघडता आसनाखाली सरकवली आणि डोळे मिटले." "कुणीतरी हळूच म्हणालं, केवढं वैराग्य! मला ऐकू आलं. मला… मला गोड वाटलं, स्निम. तीन महिन्यांत मला साधना लागली असेल तर त्या एका क्षणी."

"आणि नंतर?"

"नंतर शेजारणीचं पत्र आलं. आई गेली, असं. त्यावर तार उघडायची माझी छाती झाली नाही. आई आजारी आहे असंच तारेत असणार, हे मी धरून चालले. तेच सगळ्यांना सांगितलं. मी तार वाचलेली नाही. अजून नाही."

तिनं अंगरख्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक घडी पडलेलं पाकीट बाहेर काढलं. घामानं त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. चिकटवलेलं तोंड तसंच होतं.

म्योहे स्निमनी त्याच्याकडं बघितलं.

"उघड."

"स्निम, आता काय उपयोग…"

"उघड."

दोयॉननं पाकीट फाडलं. आत एवढासा कागद होता. त्यावर तीन ओळी. ती वाचायला लागली आणि तिचे डोळे पहिल्या ओळीवरच अडले. ती पुन्हा सुरुवातीला गेली. मग कुणीतरी बोलायला लावल्यासारखं तिनं मोठ्यानं वाचलं.

"मंगळवारी दुपारच्या गाडीने येते… स्टेशनवर घ्यायला ये… एकटीने डोंगर चढवत नाही… आई."

रखवालदाराची शिट्टी वाजली. कुंपणावर चढलेलं एक पोर खाली उतरलं.

"ती आली होती," दोयॉन म्हणाली.

तिला आता शेजारणीच्या पत्रातली एक ओळ आठवली. तेव्हा तिचा अर्थ लागला नव्हता. शेजारणीनं लिहिलं होतं, की जायच्या आठवडाभर आधी तुमची आई भर थंडीत दोन दिवस कुठंतरी जाऊन आली. कुठं ते सांगितलं नाही. आली ती अंथरुणालाच खिळली.

"मला वाटत होतं, मी गेले नाही. एवढंच," दोयॉन म्हणाली. "ती बोलवत होती, मी गेले नाही. मी हे रोज घोकत होते… पण ती आली होती, स्निम. माझ्याकडं आली होती. तुम्ही ते स्टेशन बघितलं नाहीये. छप्पर नाही तिथं. एक बाक आहे. जानेवारीत नळाचं पाणी गोठतं. मठापासून पाऊण तासाची उतरण… पाऊण तास! दुपारची गाडी आली की शिट्टी वर साधनेच्या खोलीत ऐकू येते. रोज ऐकू यायची. त्या मंगळवारी पण मी ऐकली असणार. ताठ बसून ऐकली असणार."

ती ओणवी झाली आणि तिचं कपाळ कुंपणाच्या खालच्या गजाला लागलं. रडण्याचा आवाज आला नाही. पाठ मात्र वरखाली होत होती. लोक जाता जाता बघत होते. चेरीच्या पाकळ्या वाऱ्यानं येऊन वाळूत पडत होत्या आणि उंट त्यांच्यावर पाय देत होता.

म्योहे स्निमनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही.

बऱ्याच वेळानं दोयॉन उठून बसली. चेहऱ्यावर गजाचा गंज लागला होता.

"तुम्ही दर वर्षी इथं येता," ती म्हणाली.

"येते."

"येऊन काय करता?"

"बसते."

"का?"

"त्या दिवशी उठून गेले होते."

"मग… बरं वाटतं?"

"नाही."

"साठ वर्षांत एकदाही नाही?"

म्योहे स्निमनी विचार केला. खरंच आठवून बघितलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

दोयॉनला वाटलं, आता तरी त्या पुढं काही बोलतील. इतकी वर्षं साधना केल्यावर जे काही कळत असेल, ते त्या सांगतील. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडं नव्हतंच काही.

सावल्या लांब झाल्या. चादरींच्या घड्या व्हायला लागल्या. भोंग्यावरच्या बाईनं सांगितलं, की अर्ध्या तासात फाटक बंद होईल.

"स्निम," दोयॉन म्हणाली. आवाजात आता वाद नव्हता, शास्त्र नव्हतं. "माफी कुणाकडं मागू?"

"कुणी उरलं नाही."

"मग मी काय करू?"

म्योहे स्निमनी हात पुढं केला. दोयॉननं तार दिली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. पुन्हा एकदा वाचला. सुईत दोरा ओवताना बघतात तसा एक डोळा बारीक करून. मग त्याची नीट घडी घातली आणि दोयॉनच्या हातात ठेवली.

"स्टेशनवर जा."

"…काय?"

"घ्यायला ये म्हणालीय. जा."

दोयॉन त्यांच्याकडं बघत राहिली. म्हातारीला तारीख कळत नाही की काय, असं क्षणभर तिच्या मनात आलं.

"स्निम, ही जानेवारीतली तार आहे. आज एप्रिल आहे. ती आली, तिनं वाट बघितली, ती परत गेली. मेली. तिला जाळूनसुद्धा तीन महिने झाले. तिथं कुणी नाहीये!"

उंट गुडघे मोडून वाळूत बसला, आधी पुढचे, मग मागचे.

"कुणी नाहीये तिथं…" दोयॉन पुन्हा म्हणाली. या वेळी तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"कधी येते, ते लिहिलंय तिनं," म्योहे स्निम म्हणाल्या. "परत कधी जाते, ते कुठं लिहिलंय?"